अर्जीतलं पहिलं नाव

मादन हिप्परगा,
श्रावण शु. ३, शके १८६५

ती. श्रीपतअण्णा यांस,
धाकट्या राजूबाईचा शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. खरं न्हाई. सरकारच्या लेव्हीच्या वसुलीत जोंधळा गेला, उरलेला आखाडात सरला. निम्म्या गावात तरवट्याचा पाला शिजायलाय, तोबी मिठाविना. शेजारची चंद्रम्मा वीस दिवसांची बाळंतीण, अंगावर दूध न्हाई. जेवलीस का म्हणून इचारलं तर म्हणते, व्हय अक्का, आत्ताच दोन भाकरी खाल्ल्या. तिची काटवट मी बघितली. पीठ लागून किती दिवस झाले, देव जाणे!

तुम्ही गुलबर्ग्याला कचेरीत कारकून. आमच्या गावाला स्वस्त धान्याचं दुकान कामून मिळंना, ते साहेबाला इचारा. वैनींना नमस्कार. आमच्यावर लोभ हायच. तो थोडा कचेरीतबी दाखवावा.

तुमची राजूबाई

गुलबर्गा,
श्रावण शु. १०

चि. सौ. राजूबाई हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. चौकशी केली आणि माझंच हसं झालं. मागच्या महिन्यात आमच्या कचेरीतले पेशकार तुमच्या गावी येऊन गेले. चावडीवर घरोघरच्या कर्त्या माणसांना विचारलं. एकजात सगळे म्हणाले, देवाच्या दयेनं पोटभर आहे. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं म्हणतेस? तुझे यजमान अंबाजीराव! आता साहेब म्हणतात, भूकच नाही तिथं दुकान कशाला. निदान वीस घरांची, नावानिशी, अंगठे उठवलेली अर्जी आली तर बघू म्हणाले.

तेव्हा बाईसाहेब, आमच्यावर आग पाखडण्याआधी गावाचं तोंड उघडा. शेजारणीच्या काळजीत स्वतःची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती अशीच चालू दे.

तुझा अण्णा

मादन हिप्परगा,
श्रावण वद्य ५

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

तीन दिवस दारोदार हिंडले. निंगप्पाच्या आईनं मला बघून चुलीवर नुसतं पाणी उकळत ठेवलं आन् वरण शिजायलंय म्हणाली. चंद्रम्मा म्हणाली, अंगठा दिला तर सासरे जीव देतील. अण्णा, भूक काय चोरी हाय का? चोरीच्या मालासारखी कामून लपवायलेत सगळे?

शेवटी कागदावर पहिलं नाव माझंच लिहिलं. राजूबाई, अंबाजीची बायको, घरात माणसं पाच, दिवसाला चूल एकदा. अण्णा, ते खोटं न्हाई. ह्यांना, सासूबाईंना आन् लेकरांना वाढून उरलं तर मी खाते. न्हाई उरलं तर जेवले म्हणून सांगते. चंद्रम्माला काय बोलावं, मीबी तेच करायले.

तो कागद तिला वाचून दाखवला. तिनं अंगठा पुढं केला. सांजेपर्यंत सत्तावीस बायकांचे अंगठे झाले. ह्यांना कळल्यावर म्हणाले, घराची अब्रू चावडीवर टांगलीस. चार दिवस झाले, बोलणं बंद हाय. अर्जी सोबत हाय. निजामाच्या कचेरीत उर्दूच चालते, तवा उर्दूत तुम्हीच करा. रागवायचं तर साहेबाची सही घेऊन मग रागवा.

राजूबाई

गुलबर्गा,
श्रावण वद्य १२

चि. सौ. राजूबाई हिस आशीर्वाद.

रागावलोच आहे. आखाडात मी तुझ्या घरी बसून चार भाकरी खाल्ल्या आणि तू वाढत राहिलीस! सख्ख्या भावाला सांगायचं नाही आणि सरकारला लिहून कळवायचं, ही कुठली रीत?

अर्जी दिली. साहेबांनी विचारलं, ही पहिली बाई कोण? माझी धाकटी बहीण, म्हणालो. म्हणताना मान खाली गेली, लपवत नाही. साहेबांनी सही केली. भाद्रपद शु. २ ला धान्याच्या गाड्या येतील. बाळंतिणीला जास्त शिधा मिळणार नाही म्हणतात; त्यावर रोज भांडतो आहे. बंडेप्पाच्या गाडीतून एक पोतं जोंधळा तुझ्यासाठी धाडलं आहे. तुझ्यासाठी, हे नीट वाच. जेवत जा, एवढंच मागणं.

अण्णा

मादन हिप्परगा,
भाद्रपद शु. ६

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

पोतं पावलं. अर्धं चंद्रम्माला दिलं, बोलू नका.

दुकान उघडलं, आन् पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एक माणूस येईल तर शपथ! दारात पोती, तराजू टांगलेला, आन् बाप्ये चावडीवर पान चघळत बसलेले. बायका दाराआड. माझं डोकं फिरलं. पिशवी घ्यायला घरात आले तर खुंटीला पिशवीच न्हाई. बाहेर बघते तर हे, भर दुपारी, चावडीसमोरनं पिशवी घेऊन निघालेले. तराजूपाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, लिहा, अंबाजी, माणसं पाच. पेशकाराला पोटभर हाय म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. मग निंगप्पा उठला. त्याच्यामागं काठी टेकत चंद्रम्माचे सासरे. सांजेला पोती निम्मी झाली.

घरी आल्यावर मी ह्यांना ताट वाढलं. ह्यांनी ते माझ्याकडं सरकवलं. इतक्या दिवसांत माझ्याशी पहिला शब्द बोलले, म्हणाले, आधी तू. मी जेवले, अण्णा. शेवटचा घास जाईपर्यंत हे समोर बसून बघायलते, जसं काय मी घासबी खोटा गिळीन!

तुमचं बाळंतिणींसाठीचं भांडण सोडू नका. बाकी तुमच्या मायेत काही कमी न्हाई.

तुमची राजूबाई