फुकटचं ऑफिस आणि जगनचं पत्र

सोमवार, २५ ऑक्टोबर १९९९

झालं! हेड ऑफिसचा फॅक्स आला. कॉपी मारून घातलेले सगळे प्रोग्राम काढून टाका, तपासणी होणार आहे. टिपणीस साहेबांनी फॅक्स माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, नवीन विकत घ्यायला मंजुरी नाही, काय ते तुम्हीच बघा.

मीच बघा! रोह्याच्या या अख्ख्या कारखान्याला एक कॉम्प्युटर आणि एक टायपिस्ट. सहा वर्षांच्या याद्या, तक्ते, पत्रं त्यात. प्रोग्राम काढला तर ते उघडायचं कशात? हे कोणी विचारलं नाही.

बुधवार, २७ ऑक्टोबर

पेणला उतरून घरी न जाता विशालकडे गेले. स्टँडमागे कॉम्प्युटर क्लास चालवतो तो. त्याने एका मासिकाबरोबर आलेली सीडी दिली. म्हणे, यात अख्खं ऑफिस आहे — पत्रं, तक्ते, सगळं — आणि फुकट. चोरीचं नाही, बनवणाऱ्यांनीच वाटलंय. मी म्हटलं, फुकट कोण काय देतं रे? तो म्हणाला, आधी चालवून बघा, मग भांडा.

शनिवार, ३० ऑक्टोबर

चाललं! उघडायला इतका वेळ लागतो की कँटीनमधून चहा घेऊन परत येते तरी तेच चित्र. पण उघडतं. आमचा मराठी फॉन्टही त्यात दिसतो. मी नुसती नाचायची बाकी होते. साहेबांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "नक्की फुकट ना?" संपलं कौतुक.

मंगळवार, २ नोव्हेंबर

जगन गेटवर बसला होता. आमचा पंप ऑपरेटर, धरमतरच्या खाडीकडचा. गणपतीनंतर आठवड्याभरात पंपाची गळती वाढली आणि ॲसिड उडालं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. वर निलंबित! कंपनी म्हणते, गळती दिसत असून कळवली नाहीस, हलगर्जीपणा केलास. तो म्हणतो, गणपतीच्या आधीच चिठ्ठी दिली होती. चौकशी अठराला आहे. कळवल्याचा पुरावा नसेल तर नोकरी गेली.

"ताय, चिठ्ठी तुमच्याच हातात दिलीवती," तो म्हणाला. "तुमी टाइप करताना मी बघलंय. आता नाय म्हनू नका."

नाही कशाला म्हणेन? मला लख्ख आठवतंय. चिठ्ठी वाचून दुरुस्तीवाल्या ठेकेदाराला पत्र टाइप केलं, सहीसाठी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. आता साहेब म्हणतात, असं पत्र आलंच नाही. चिठ्ठी सापडत नाही, जावक रजिस्टरला नोंद नाही. ज्याच्या अंगाशी येणार त्यानेच दाबलं, दुसरं काय!

बुधवार, ३ नोव्हेंबर

साहेबांना तोंडावर विचारलं. चष्मा काढून म्हणाले, "नमिता मॅडम, मी ते पत्र पाहिलेलं नाही." खोटारडा माणूस!

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

दिवाळी आटपली. पेणच्या बाजारात हौसा भेटली, जगनची बायको. सुकी मच्छी घेऊन बसली होती. जगनला अजून घास नीट धरता येत नाही म्हणाली. मी तिला सांगून टाकलं की पत्र साहेबांनी दाबलंय आणि मी चौकशीत तसंच बोलणार. तिने मूठभर सुकट कागदात बांधून माझ्या पिशवीत कोंबली. नको म्हटलं तरी ऐकेना. बरं वाटलं. कोणीतरी आपल्यावर विसंबून आहे म्हटल्यावर बळ येतं.

सोमवार, १५ नोव्हेंबर

जुन्या फायली नव्या ऑफिसात उघडून बघतेय. 'पत्र सप्टेंबर' उघडेना.

माझी पद्धत अशी — कोऱ्या पानावर पत्र सुरू करायचंच नाही. मागचं पत्र उघडायचं, वरचं कंपनीचं नाव नि खालची सहीची जागा तशीच ठेवायची, मधला मजकूर पुसायचा आणि तिथेच नवा टाइप करायचा. मार्जिनची कटकट नको. महिन्याला एक फाइल पुरते. सगळ्या टायपिस्ट असंच करतात.

विशालला फोन लावला. म्हणाला, त्याच सीडीवर एक बारका प्रोग्राम आहे, तोही फुकट. फाइल फोडून आतली सगळी अक्षरं बाहेर ओततो. पुसलेलीसुद्धा! जुन्या प्रोग्रामात घाईघाईने सेव्ह केलं की पुसलेलं खरं पुसलं जात नाही म्हणे, आतच पडून राहतं.

म्हणजे जगनचं पत्र आत असणार. तारखेसकट! आता बघते साहेब कुठे पळतात.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

सापडलं. आज लिहवत नाही.

बुधवार, १७ नोव्हेंबर

कोणाला दाखवलं नाही. न दाखवलं तर कोणाला कळणारही नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, बरं नाही का. घरी आले तर सुकटीचा वास स्वयंपाकघरभर. डबा उचलून शेजारी देऊन टाकला.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

मंगळवारी फाइल फोडली तेव्हा आधी नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा आला होता. त्याला मराठी फॉन्ट लावला तेव्हा वाचता आलं. महिनाअखेरच्या पत्रांखाली गणपतीच्या सुट्टीचं परिपत्रक. त्याच्या खाली — ११ सप्टेंबर, 'पंप क्र. ३ला गळती असल्याचे ऑपरेटर जगन यांनी कळविले आहे, तरी सदर पंपाचे गॅस्केट त्वरित'. बस. पुढे काही नाही. वाक्यसुद्धा पुरं नाही. मधेच परिपत्रक मागितलं गेलं, मला गाडी गाठायची होती, घरी गणपती आणायचा होता. तीच फाइल, मजकूर पुसला, परिपत्रक टाइप केलं आणि पळाले. पत्र साहेबांच्या टेबलावर कधी गेलंच नाही.

आज चौकशीत प्रिंट दिली. खाली लिहिलं — टाइप मी करत होते, अपुरं मी ठेवलं, साहेबांना मी दिलं नाही. सही केली. साहेबांनी वाचलं आणि मला पाण्याचा ग्लास दिला.

जगनला कामावर परत घेणार. कागदावर सही करायला त्याला उजव्या हातात पेन धरता आलं नाही, डाव्या हाताचा अंगठा घेतला. स्टँपपॅड मीच पुढे केलं.