दुसऱ्याचं लेकरू

९ ऑक्टोबर १९५६, मंगळवार
सकाळी सकाळी जनाना वॉर्डातून बोलावणं. वॉर्डबॉय दारातूनच, "सिस्टरजी, आपवाला केस है." माझावाला म्हणजे डोक्याचा. पागलखान्यातून मला या मोठ्या अस्पतालात उसनी आणली तेव्हापासून हेच. कुणी जेवेना, कुणी बडबडायला लागलं, की बोलवा जाधव सिस्टरला.
पेशंट कुसुम मोघे. पहिलटकरीण, विशीची. बाळंतपणात ताप चढला म्हणून बाळ काही दिवस वेगळं ठेवलं होतं. ताप उतरल्यावर कुशीत दिलं तर म्हणते, हे माझं नाही, बदललंय. बाकी वार, तारीख, नवऱ्याचं नाव, सगळं ठीक. आवाजसुद्धा चढवत नाही.
मी विचारलं, मग याला पाजतेस कशी? तर म्हणाली, "ताई, याची आई कुठेतरी माझ्याला पाजत असेल ना. मी हात आखडला तर तीपण आखडेल."
इतकी वर्षं वेड्यांत काढली, असा हिशेब कुणी मला सांगितला नव्हता. उठून बाहेर आले थोडा वेळ.

११ ऑक्टो.
कु.ची सासू डिंकाचे लाडू घेऊन येते आणि रोज वाद घालते. आज म्हणे, "नाक बघ गं, आमच्या मोघ्यांचं नाक."
कु. शांतपणे, "नाक मोघ्यांचंच आहे. पण आख्ख्या लष्कर गावात मोघे काय थोडे आहेत?"
मला हसू आवरेना. सासूबाई माझ्यावरच उखडल्या.

१४ ऑक्टो., दसरा
सुटी असून गेले. वॉर्डात सोनं वाटलं. कु.ने दोन पानं घेतली, एक स्वतःच्या उशीखाली, दुसरं बाळाच्या मुठीजवळ. "हे तुझ्या आईला दे," म्हणाली त्याला. मग लंगोट बदलला, तेल लावलं, किती बेताने. स्वतःची पोरं बायका इतकी जपत नाहीत. परक्याची वस्तू आहे, जशीच्या तशी परत करायची आहे, असं तिचं चाललंय.

१७ ऑक्टो.
लेडी डॉक्टरशी वाजलं. म्हणतात, आज पाजते, उद्या उशी दाबेल, जबाबदारी कुणाची? पागलखान्यात पाठवा, दोन-चार शॉक दिले की ठिकाणावर येईल. वॉर्डात पाच मिनिटं टेकायचं नाही आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या. मी म्हटलं, तिकडे बाळ ठेवत नाहीत, आणि बाळावाचून ही खरंच कामातून जाईल. महिनाअखेरपर्यंत द्या, पलंगाशी मी बसते. दिली एकदाची मुदत.
त्यांचंही अगदीच चूक नाही, हे घरी येताना पटलं. झालं काही तर? जीव टांगणीला.
सासूबाईंनी जाता जाता ऐकवलं, "तिकडे एकदा गेलेली सून मी परत उंबऱ्यात घेणार नाही, सांगून ठेवते. मुलाला मी वाढवीन." बोलताना डोळे भरले होते त्यांचे, पण बोलल्या.

२२ ऑक्टो.
मोघे येऊन बसले. कु.चा नवरा, सेक्रेटेरिएटात बाबू. मध्य भारत मोडून नवं राज्य होतंय, ऑफिस सगळं भोपाळला. फूलबागेकडे, यांच्या ऑफिसाकडे, जावं तर नुसते फायलींनी भरलेले ट्रक. पहिल्या तारखेला यांना तिथे हजर व्हायचंय. माझीही जागा राहते की जाते ते आता भोपाळ ठरवणार. असो.
मोघ्यांनी बायकोला सांगितलं, क्वार्टर मिळतंय, सगळे जाऊ. ती प्रथमच रडली. "मी लष्कर सोडून नाही येणार. माझं इथे आहे. आपण भोपाळला गेलो तर अदलाबदल होणार कशी?"
मोघे बाहेर येऊन म्हणाले, "सिस्टर, मैं क्या करूँ?" घाबरले की हे हिंदीत बोलतात. पण रोज ऑफिस सुटल्यावर नई सडकवरून जिलबी घेऊन येतो बिचारा, ती नको म्हणाली तरी पुडा उशाशी ठेवून जातो. चांगला आहे.

२६ ऑक्टो.

दुपारी मी चहाला गेले, आले तर पलंग रिकामा. बाळही नाही. धावले. जिना, नळ, मागची विहीर.
ती शेजारच्याच वॉर्डात होती. बाळ घेऊन पलंगा-पलंगाशी जाऊन विचारत होती, "हे तुमचं का? आपका है?" भोपाळची वेळ आली म्हणून स्वतःच आई शोधायला निघाली होती. मी दारातच थांबले. का, माहीत नाही.
कोपऱ्यात मुरारकडची एक बाई, तिचं बाळ परवाच जन्मून गेलं. तिने दोन्ही हात पसरले. "हाँ, मेरा है. ला."
कु. थबकली. पुढे झाली. बाळ जवळजवळ दिलंच होतं. मग एकदम छातीशी ओढून मागे सरली. "नाही. तुमचं नाही हे."
"तुझे क्या मालूम?"
"मालूम है."
आणि तरातरा आपल्या पलंगावर. मी त्या बाईजवळ बसले, तिचं कुणीच नव्हतं. रडली बराच वेळ.

२८ ऑक्टो.
कु. आपणहून म्हणाली, येते भोपाळला. बाळ बदललंय हे अजून म्हणते का, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही खरं तर. लेडी डॉक्टर म्हणाल्या, ठीक आहे, घेऊन जाऊ देत, जाधव, तुम्ही जिंकलात. मी कुठली जिंकते. पदरचं लेकरू परकं वाटत असताना ज्या पोरीने त्याला एकदाही उपाशी निजवलं नाही, तिच्यासमोर आम्ही दोघी कोण?

३१ ऑक्टो., बुधवार
स्टेशनवर गेले होते. अर्धं लष्कर फलाटावर, वळकट्या, पाटा-वरवंटा, तुळशीची कुंडीसुद्धा. सासूबाईंनी मला लाडवांचा डबा दिला आणि सुनेला खिडकीजवळची जागा. बाळाला वारा लागतो म्हणून स्वतःच्याच शालीने दोघांना गुंडाळलं. बाईचं मन वाईट नाही, भीती मोठी आहे.
गाडी हलायच्या आधी कु.ने खुणेने जवळ बोलावलं. पलीकडे कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "ताई, याची आई विचारत आलीच, तर आम्ही कुठे गेलो ते सांगू नका."
नाही सांगणार म्हटलं. शपथ घ्यायला लावली, घेतली.
उद्या लेडी डॉक्टर विचारतील, बरी होऊन गेली ना?