बसपुरते मणी

२८ जुलै
निराधार योजनेचा पगार आला नाही. आळीतल्या सगळ्या विधवा बायकांचा आला, माझाच नाही. बँकेतला म्हणाला, वरूनच थांबलंय. बी.ए.ला नाव घातलं आणि लगेच हे. योगायोग म्हणे. मी नाही मानत. शिलाईवर घर चालतं, कॉलेज चालत नाही. पगार बंद म्हणजे बसचा पास बंद, पास बंद म्हणजे नळदुर्गचं कॉलेज बंद. पस्तिशीत पुन्हा पुस्तक धरलंय, ते कुणाच्या डोळ्यात खुपलं?

३० जुलै
तलाठ्याकडे गेले. तुमच्याविरुद्ध तक्रार आहे म्हणाला. कुणाची? सांगता येत नाही. कशाची? पंचनाम्याला आलो की कळेल. वर हसला. म्हणजे याला सगळं ठाऊक.
संशय शेजारच्या चुलत जाऊबाईंवर. मी ॲडमिशन घेतली त्या दिवशी भिंतीपलीकडून सुनावलं होतं, "कॉलेजात जानारी निराधार कशी म्हनायची बाई?"

१ ऑगस्ट
कॉलेजातल्या सरांना आडून विचारलं, मैत्रिणीचं म्हणून. शिकायला लागलं म्हणून विधवेचा पगार बंद होत नाही म्हणाले, दुसरं लग्न केलं तर होतो. मग माझ्याकडे जरा जास्तच बघितलं. त्यांना पण कळलं की काय?
पण काय कळलं? मी कुठं लग्न केलंय? पुढच्या तासाला डोकंच नव्हतं. मग एकदम उजेड पडला.
मणी.

३ ऑगस्ट, रविवार
कॉलेज सुरू झालं तेव्हा बसमध्ये एक जण रोज शेजारी येऊन बसायचा. गळ्याकडे बघायचा. मग सुरू. एकट्याच का, घरी कोण असतं, नंबर द्या. जागा बदलली तरी मागे. म्हणून तुळजापूरला गेले तेव्हा काळे मणी आणले. जाताना अणदूरच्या फाट्यावर घालायचे, येताना फाट्यावरच काढून पिशवीत. घातल्या दिवसापासून त्याचं येणं बंद. मण्यांचं ऐकतो, बाईचं ऐकत नाही. लई राग येतो याचा.
आता हे बघितलं कुणी? त्या बसला अर्धं गाव असतं.

६ ऑगस्ट
जाऊबाईंनी अंबाडीची भाजी पाठवली. कधी नाही ते. मी खाल्ली नाही, झाकून ठेवली. सासूबाईंनी मिटक्या मारत खाल्ली.
चोराच्या मनात चांदणं. पण यात चोर कोण, त्या का मी?

११ ऑगस्ट
पंचनामा झाला. ओसरीवर तलाठी. पंच म्हणून शेजारचे काका आणि जाऊबाई. त्यांनाच पंच केलं! वाटलं, संपलं.
तलाठी म्हणाला, बसमध्ये मंगळसूत्र घालून हिंडता, दुसरं लग्न झालंय अशी तक्रार आहे. खरं ते सांगणार होते, तोंडच उघडेना. कोण शेजारी येऊन बसतो, ते या माणसांपुढे काय सांगू? सांगितलं तर म्हणतील, मग जाते कशाला कॉलेजला.
सासूबाई आतून आल्या. "मनी म्याच घाल म्हनलं तिला. जवान बाई, रोजची बस. लगीन केलं असतं तर माझ्यापशी ऱ्हायली असती का?"
पहिली सही जाऊबाईंनी केली. कागद तहसीलला पाठवतो, तिथं ठरेल, असं सांगून तलाठी गेला.
पण मण्यांचं मी सासूबाईंना कधी सांगितलंच नव्हतं.

१२ ऑगस्ट
शेवटी सासूबाईंना विचारलं. म्हटलं, आत्या, तुम्हाला कसं कळलं?
भाकरी थापत होत्या. "पिशवीत घावले. मला वाटलं, चालली तू."
"तक्रार तुम्ही दिली?"
"तव्यावर ध्यान दे. करपंल."
मला रागही आला आणि रडूही आलं. इतकी वर्षं एका चुलीवर जेवतो आम्ही. मी गेले तर यांना कोण आहे? पण म्हणून असं करायचं? आणि केलंच नसेल तर? जाऊबाईंची भाजी आठवून लाज वाटली. की दोघींनी मिळून...

१८ ऑगस्ट
तहसीलचा निरोप नाही. पगार मिळणार की नाही, कुणी सांगत नाही. मणी पिशवीत नव्हते. सासूबाईंनीच काढले असणार.
सकाळी फाट्यावर पोचते तर मागोमाग सासूबाई, हातात एसटीचं म्हाताऱ्यांचं कार्ड. पंचाहत्तरीनंतर तिकीट नाही. "मला काय, फुकट हाय," म्हणाल्या आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या. पिशवी मधे. तो माणूस चढला, बघितलं, पुढं गेला.
नळदुर्गला त्याही उतरल्या. कॉलेज सुटेपर्यंत गेटाबाहेर लिंबाखाली बसते म्हणाल्या. रोज येणार का, विचारलं. बघू म्हणाल्या.
वर्गाच्या खिडकीतून सारखी बघत होते. बसल्या होत्या, तोंड गेटाकडे. सोबतीला आल्यात का पाळतीला, कळेना. परतीच्या बसला माझ्याआधी चढून त्यांनीच जागा धरली, खिडकीची मला दिली.