बॅग मीच बदलली

टॅमरॅक बे
फेब्रुवारी, मंगळवार (नळ गोठलेला आहे)

तीर्थरूप वसिलमामांच्या सेवेशी,

भाचा ओरेस्ट याचा गोठलेल्या बोटांनी केलेला नमस्कार. टिलीमामींनाही तोच, पण जरा ऊबदार. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नाही हे मला ठाऊक आहे, आणि मामींना मात्र "करतो, करतो" म्हणता हेही ठाऊक आहे. तिकडे यॉर्कटनला थंडी इकडच्यापेक्षा कोरडी असते असं तुम्ही दरवर्षी अभिमानानं कळवता, तेव्हा ती कोरडीच असेल असं धरून चालतो. मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे नोकरी शुक्रवारपर्यंत शाबूत आहे, पुढचं देव जाणे आणि प्रिचर्डसाहेब जाणोत.

ल्युबाताईचा तुम्हाला फोन येऊन गेलाच असेल. (ताईला बातमी कळली आणि ती तिच्या पोटात राहिली असं अजून घडलेलं नाही.) तिनं मीठमसाला लावून काय सांगितलं असेल याची कल्पना आहे, म्हणून मूळ हकिगत माझ्याच हातची वाचा. पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो, मामा. ती बॅग मीच बदलली. चुकून नाही, घाईत नाही, चष्मा घरी राहिला म्हणूनही नाही. चांगल्या शुद्धीत, कॉफी पिऊन झाल्यावर बदलली. कोणाला माफीबिफी मागायची असेल तर त्यांनी आपापसात मागून घ्यावी.

आता झालं असं. आमचा पाइक्स संघ म्हणजे बर्फावरच्या हॉकीतला खालचा संघ. चार तासांच्या रस्त्यावर शहरात वरचा संघ बसतो, आणि आमच्याकडे जे काही पिकेल त्याच्यावर त्यांची मालकी. माझं काम गोलकीपर पिकवणं. हे काम बरणीत काकड्या मुरवण्यासारखं आहे. मीठपाणी घालायचं, झाकण लावायचं आणि तोंड मिटून थांबायचं. पण वरच्यांनी एक खातंच काढलंय, 'गोलरक्षक विकास विभाग', आणि त्याचे प्रमुख व्हान्स प्रिचर्ड यांना रोज झाकण उघडून बोट घालून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. (प्रिचर्ड स्वतः एकेकाळी उत्तम गोलकीपर होते. मूर्ख असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.)

सध्या माझ्या बरणीत एमेरी कोर्मिए आहे. बावीस वर्षांचा, न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याचा मुलगा. बोलतो कमी, खातो भरपूर, आणि चकती त्याच्याकडे येताना ती स्वतःहून मंद होते असं वाटावं इतका शांत उभा राहतो. गेल्या हिवाळ्यात वरच्यांनी त्याला असाच उचलून नेला आणि पाच आठवडे नुसता बाकावर बसवला. राखीव गोलकीपरचं काम तुम्हाला काय सांगायचं? टोपी घालायची, बाकाचं दार उघडायचं, दार लावायचं. एवढ्या पगारात असा द्वारपाल राजवाड्यातसुद्धा नसेल. मग एका मॅचला अर्ध्यातून त्याला आत ढकलला. बसून बसून लाकूड झालेल्या पोरानं चार गोल खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माल परत यावा तसा तो आमच्याकडे परत आला. त्यानंतर कितीतरी दिवस जेवताना कुणाचा चमचा पडला तरी तो दचकायचा. त्याला पुन्हा उभा करायला मला अख्खा उन्हाळा आणि शरद लागला, आणि नाताळानंतर कुठे तो असा खेळायला लागला की आमचे म्हातारे प्रेक्षक हॉटडॉग खायचं विसरतात.

तर गुरुवारी सकाळी सरावाच्या वेळी प्रिचर्डांचा फोन. वरच्या एका गोलकीपरची जांघ आखडली, दुसरा संध्याकाळी खेळणार, बाकावर राखीव कोणी नाही, एमेरीला ताबडतोब पाठवा. मी म्हटलं, "त्याची आज इथे मॅच आहे. खेळू द्या त्याला. त्याला खेळणं हवंय, बसणं नकोय."

"ओरेस्ट, वाद घालू नकोस. नुसतं बसायचंय त्याला."

"नुसतं बसायचंच असेल तर माझी टोपी पाठवतो. तीही छान बसते."

यावर प्रिचर्डांनी माझ्या नोकरीविषयी दोन शब्द सुनावले आणि फोन ठेवला. पुढचं तुम्ही ऐकलं आहे. ड्रेसिंगरूमबाहेरच्या बोळात दोन बॅगा होत्या, एक एमेरीची आणि एक आमच्या दुसऱ्या गोलकीपरची, ब्रॅन्ट हॅलोवेची. दोन्ही काळ्या, दोन्ही संघानं दिलेल्या, दोन्हींना सारखाच वास. (दहा वर्षं वाळत न घातलेल्या कुत्र्याचा.) आणि आपला ब्रॅन्ट उलटा आहे, सगळे डाव्या हातानं झेलतात तर हा उजव्या. एमेरीच्या गाडीत ब्रॅन्टची बॅग गेली, आणि गाडी चार तास शहराच्या दिशेनं गेली.

शहरात एमेरीनं बॅग उघडली तेव्हा आतून उजव्या हाताचा ग्लोव्ह निघाला, कंबरेला येतील एवढाले पॅड निघाले आणि ब्रॅन्टचं अर्धं सँडविच निघालं. दुसऱ्याच्या सामानात गोलकीपर उभा करणं म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी जेवायला बसवणं. तेव्हा राखीव नसला की करायचं तसं, नियमाप्रमाणे, शहरातलाच एक हौशी गोलकीपर ऐनवेळी बोलावला, नॉर्बर्ट नावाचा घरोघरचे हीटर दुरुस्त करणारा भला माणूस. त्याला बाकावर बसवला. बर्फावरच्या गोलकीपरनं सहा गोल खाल्ले. प्रशिक्षक बदली करायला म्हणून दोनदा बाकाकडे वळला, आणि दोन्ही वेळा नॉर्बर्टनं टोपी नाकापर्यंत ओढून बुटाची नाडी बांधायला घेतली. हे सगळं टीव्हीवर दिसलं, मामा. सगळ्या देशानं बघितलं. आमच्या ड्रेसिंगरूममध्ये तर उभं राहून टाळ्या पडल्या.

इकडे आमचीही काही कमी मजा झाली नाही. ब्रॅन्टनं एमेरीचे पॅड चढवले (गुडघे उघडे, चौथीतल्या पोराच्या हाफपँटसारखे), आणि उजव्या हाताचा ग्लोव्ह शोधताना कळलं की गावात उलटा झेलणारं माणूस आणखी एकच आहे, शाळेच्या मुलींच्या संघातली डार्सी. तिचा जांभळा ग्लोव्ह आणला. त्या ग्लोव्हनं ब्रॅन्ट असा खेळला की एकही गोल झाला नाही. आता डार्सी ग्लोव्ह धुवून मागते आहे, आणि ब्रॅन्ट म्हणतो, जिंकलेला ग्लोव्ह धुवायचा नसतो. दोघांची बोलणी चालू आहेत.

शनिवारी प्रिचर्ड जातीनं आले. एमेरीला वरच्यांनी दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं होतं आणि भलत्याच कुणाला तरी बोलावून घेतलं होतं. प्रिचर्ड माझ्यासमोर बसले, खरं सांगायचं तर सभ्यपणानं बसले, आणि म्हणाले, "'नजरचुकीनं झालं' एवढं लिहून दे. मी ते वरती मिटवतो." आमचा मुख्य प्रशिक्षक बिल टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथा घालत होता, म्हणजे 'लिही, गाढवा, लिही'. मी म्हटलं, "नजर माझी चांगली आहे साहेब, चूक तुमची आहे. बॅग मी बदलली, आणि पुन्हा त्या पोराला दार उघडायला नेलंत तर पुन्हा बदलेन. पुढच्या वेळी बॅगेत विटा भरीन." प्रिचर्डांनी उठून कोटाची बटणं लावली. मग म्हणाले, "शुक्रवारी ये. वकील असेल तर घेऊन ये."

वकील कसला नेतो! मी माझा चांगला कोट घालून जाणार आहे. काढून टाकलं तर काढून टाकलं. गावात मात्र माझा भाव वधारलाय. कॉफीवाली डोनटचे पैसे घेत नाही, आणि चर्चमध्ये फादर माझ्याकडे बघून प्रामाणिकपणावर बोलले, पण हसत बोलले. एमेरी तेवढा गप्प आहे. रविवारी माझ्या दारात आला, बूट झटकत उभा राहिला, म्हणाला, "कोच, मला काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, "मॅचच्या दिवशी गोलकीपरनं कुणाशी बोलायचं नसतं. जा, झोप काढ." गेला बिचारा. त्या दिवशी मॅच नव्हती.

तुम्ही आणि मामी एकमेकांना सांभाळून असा. गुडघ्याचे व्यायाम करा, निदान दार उघडं ठेवून करा म्हणजे मामींना दिसतील. लहानांना आशीर्वाद.

तुमचा अजिबात न वाकलेला भाचा,
ओरेस्ट

ता. क. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना चार दिवसांची सुट्टी आहे. एमेरीला तुमच्याकडे पाठवतो आहे. विचारून पाठवणार होतो, पण तिकीट काढून झालंय. शनिवारी दुपारी रेजायनाच्या विमानतळावर घ्यायला या. उंच, लाजरा, हातात स्वतःची बॅग असेल. मामींना बटाटा भरून पेरोगी भरपूर उकडायला सांगा.

ता. क. २. हा भाग मामींना वाचून दाखवू नका, कारण मामींना कळलं की ताईला कळतं. बॅग मी बदलली नाही. गोलकीपरच्या बॅगेला दुसऱ्या कुणी हात लावत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. एमेरीच्या बॅगेचा एक बंद तुटलेला आहे, तिथे पांढऱ्या टेपची मूठ आहे. गुरुवारी तो माझ्यासमोरून दोन्ही बंद धड असलेली बॅग घेऊन गेला. ती टेपची मूठ त्याच्या बोटांना डोळे मिटूनसुद्धा कळते. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि मी म्हटलं, "गाडी सावकाश चालव." त्याला भीती वाटत होती, मामा. वर जायची, पुन्हा आत ढकललं जाण्याची. हे बाहेर कळलं तर प्रिचर्डच काय, कुठलाच संघ त्याला पुन्हा बोलावणार नाही. एका प्रशिक्षकाची नोकरी गेली तर दुसरी मिळते. तेव्हा शुक्रवारीही मी हेच सांगणार आहे, आणि पोपला बोलावलं तरी हेच सांगणार आहे.

ता. क. ३. आता खरं काम. आपल्या घरात तुमच्या त्या मॅचबद्दल कुणी बोलत नाही. तुम्ही एकदाच वर गेलात, एकच मॅच खेळलात आणि सात गोल खाल्लेत, म्हणून आई पेरोगी मोजतानासुद्धा तुमच्यासमोर सहानंतर एकदम आठ म्हणायची. मीही चाळीस वर्षांचा झालो तरी तुम्हाला त्याबद्दल विचारायची हिंमत केली नाही. आज एक मागणं मागतो आहे. एमेरीला ती मॅच सांगा. सातही गोल सांगा, कुठून आले, कसे आले, लोक काय ओरडले, सगळं. धीर देऊ नका, तो मी वर्षभर देतोय, त्याचा उपयोग होत नाही. आणि मग त्याला दुसरा दिवस सांगा. रात्रभर गाडीनं घरी आलात, गावात सगळ्यांनी रेडिओवर ऐकलेलं होतं, आणि पहाटे गाईंच्या धारा काढायच्या होत्या, त्या तुम्ही काढल्यात. त्याला अजून कुणी सांगितलेलंच नाही की दुसरा दिवस असतो.

एवढं ऐकूनही तो वर जायचं नाही म्हणाला, तर त्याच्या हातात बादली द्या आणि ठेवून घ्या. पण तो जाईल.