हात लावू नये असा कठडा

ताई,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातलाय असं समज. प्रत्यक्ष घालायचा तर आमच्या माळ्यावरच्या घरात तेवढी सलग लांबी नाही. पाय स्वयंपाकघरात राहतात आणि कपाळ बाल्कनीत जातं. बाल्कनी पडली हेरिटेज, तिला कपाळ टेकवायचं तरी कमिटीची परवानगी लागेल.) तुझी पाठ कशी आहे? भावजींचा खोकला? आणि आईचा पाय? ती आता काठी न घेता फाटकापर्यंत जाऊन येते असं तू म्हणालीस, ते ऐकून आम्हा दोघांना इतका आनंद झाला की हिनं त्या भरात चहात दोनदा साखर घातली आणि मी तो चहा एक शब्द न बोलता प्यायलो.

फोन असताना हे पत्र कशाला लिहितोय, असं तू म्हणणार. तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'ताई, झालं असं की' एवढं म्हणतो आणि तू 'म्हणजे काहीतरी करून ठेवलंयस' असा थेट निकाल देऊन मोकळी होतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, ते मला माहीत आहे, पण निदान शेवटपर्यंत वाचून मग फाड. आणि बसून वाच. उभ्यानं वाचण्यासारखं हे पत्र नाही.

तर मागच्या खेपेला तू आमचा जिना बघून गेलीस आणि जाताना बजावून गेलीस की, त्या शेवटच्या टप्प्याला धरायला काहीतरी कर, मग आईला पाठवते, तोवर तिचं नाव काढायचं नाही. तुझं काही चुकलं नाही. एकदा खुब्याचं हाड मोडलेली बाई, तिला कठडा नसलेल्या जिन्यावर चढवणं म्हणजे दुखणं विकत घेणंच. पण ताई, आई मला इथं हवी आहे गं. इतकी वर्षं तू सांभाळलीस, आता माझी पाळी, असा हा हिशेब नाही. संध्याकाळी चष्म्याचं दुकान बंद करून घरी आलो की 'आज किती जणांना डोळे दिलेस रे?' असं विचारणारं माणूस मला घरात हवं आहे. (ही विचारते, पण ही विचारते तेव्हा त्यात टोमणा असतो.)

आता आमच्या इमारतीचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं तुला कळेल. ही एके काळी एका जहाज कंपनीची कचेरी. जहाजं तरंगत राहिली, कंपनी तेवढी बुडाली, आणि कचेरीचे फ्लॅट झाले. त्यामुळे इथं कुणाचंच घर घरासारखं नाही. तळमजल्यावरचा दंतवैद्य तिकीट खिडकीच्या जाळीमागे राहतो आणि तिथंच दात काढतो. पेशंट आला की त्याला 'जायचं आणि यायचं, की नुसतं जायचं?' असं विचारावंसं वाटतं म्हणे. सोसायटीच्या अध्यक्षबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, संचालकांच्या दालनात राहतात. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर या टोकाला मीठ मागितलं तर ते त्या टोकाहून येईपर्यंत भाजी संपते. आणि आम्ही माळ्यावर, जिथं कंपनीची निशाणं घडी करून ठेवत. खालपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याला झकास पितळी कठडा आहे. पण त्यापुढचा टप्पा निशाणं वाहणाऱ्या शिपायांचा. शिपाई पडला तर दुसरा ठेवू, असा कंपनीचा विचार असावा. तिथं कठडा नाही.

आणि कमिटीचा नियम असा की, मुळात जे नव्हतं ते आता लावायचं नाही, आणि मुळात जे होतं त्याला आता हात लावायचा नाही. भिंतीत खिळा मारता येत नाही म्हणून आमच्या लग्नाचा फोटो इतकी वर्षं टेबलावर भिंतीला टेकून उभा आहे, शिक्षा केल्यासारखा. मी कठड्यासाठी अर्ज केले, हातापाया पडलो, अध्यक्षबाईंच्या चष्म्याचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी चष्मा ठेवून घेतला आणि परवानगी नाकारली. म्हणाल्या, कंपनीच्या काळात या जिन्यावरून कुणी पडल्याची नोंद नाही. (नोंद कोण करणार? जो पडला तो?)

अशात तू पलंग पाठवलास. आईला दुसऱ्या पलंगावर झोप येत नाही, म्हणून तिच्या आधी पलंग पोचावा, हा तुझा विचार सोन्यासारखा. शिसवी, चार माणसांना न उचलवणारा, मच्छरदाणीच्या कातीव खांबांसह. हमालांनी तो दुसऱ्या मजल्यापर्यंत आणला, आणि शेवटच्या टप्प्याच्या वळणावर घोडं अडलं. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, एका हमालानं तर पलंगाला दोन समजुतीच्या गोष्टी सांगून पाहिल्या. जाईना. दार काढून घ्यावं तर दार हेरिटेज. शेवटी तो दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या चौकातच ठेवला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यावर सोसायटीची नोटीस चिकटलेली: सामायिक जागेत बेवारस फर्निचर, न हलवल्यास भंगारात जाईल. बेवारस! ज्याच्यावर आपण दोघं जन्मलो, ज्याच्याखाली तू मला वाण्याच्या बिस्किटांसकट लपवलंस, तो बेवारस! मला रडूच आलं.

ताई, आता पाणी पी. त्या रात्री जेवताना ही एवढंच म्हणाली, 'कठडा हवाय तर मिळत नाही, आणि पलंग आहे तर मावत नाही.' आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. पुढचं तू ओळखलंच असशील. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आम्ही पलंग कापला.

(वाचते आहेस ना?)

बाजूच्या लांब पट्ट्यांचा धरायचा दांडा झाला, मच्छरदाणीच्या खांबांचे उभे गज झाले, आणि उशाकडची नक्षी वळणावर अशी चपखल बसली की बघत राहावं. सुतार कामाला चोख, पण बोलायला त्याहून चोख. करवतीपेक्षा त्याच्याच आवाजानं आम्ही पकडले जाणार अशी माझी पाचावर धारण बसली होती. पण कमिटीत डोळे म्हणजे अध्यक्षबाईच, आणि त्यांचा चष्मा माझ्या दुकानात दुरुस्तीला होता. एक स्क्रू ढिला होता. त्या एका स्क्रूला मी आठवडा लावला. चष्म्याशिवाय बाईंना कठडा आणि दंतवैद्य यांतला फरक कळत नाही. दोघांनाही त्या 'नमस्कार' म्हणतात. चष्मा परत गेला तेव्हा कठड्याला चहाचं पाणी आणि काजळी चोळून झाली होती. नवीन काही दिसलं की बाई ओरडतात, पण जुनं दिसलं की त्यांना वाटतं, हे असणारच, आपणच विसरलो. त्या आल्या, थबकल्या, चष्मा पुसला आणि निमूट खाली गेल्या. सुंठेवाचून खोकला गेला म्हणून आम्ही दोघं घरात नाचलो. (वाकून. छत उतरतं आहे.)

इथंच थांबलं असतं तर तुला चार ओळींचं पत्र आलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात पुरातन वास्तूंचे तज्ज्ञ पाहणीला आले. संचालकांच्या दालनातलं रंगवलेलं छत बघून त्यांनी जांभई दिली. पितळी कठड्याला 'बरा आहे' म्हणाले. आणि आमच्या टप्प्यापाशी आल्यावर खालच्या पायरीवर मटकन बसलेच! म्हणाले, या इमारतीत एवढी एकच अस्सल गोष्ट आहे. खांबांवरून हात फिरवून त्यांनी सांगितलं की हे काम जहाजांवरच्या सुतारांचं. जमिनीवरच्या माणसाला अशी कलाकुसर जमणार नाही. मग त्यांना दातांच्या खुणा सापडल्या. आठवतात ना? मला दात येत होते तेव्हा मी पलंगाची कड कुरतडली होती, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दाखवायची. तर त्या म्हणे जहाजावरच्या उंदरांच्या, आणि हाच समुद्राशी नातं असल्याचा भक्कम पुरावा. दंतवैद्य बॅटरी घेऊन पुढे झाला, वाकून बघितलं आणि म्हणाला, हे उंदीरबिंदीर काही नाही, दुधाचे दात आहेत, वरचे दोन आणि खालचे दोन, आणि मूल महाहट्टी असणार. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण तज्ज्ञांनी त्याला असं काही झापलं की बिचारा बॅटरी न विझवताच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी कठड्याला मखमली दोर आला आणि पाटी लागली: 'मौल्यवान वारसा. हात लावू नये.'

म्हणजे बघ! आईला धरायला कठडा केला, आणि जगातला हा एकच कठडा असेल ज्याला धरायची बंदी आहे. आम्ही दोघं हात छातीशी बांधून चढायला लागलो. ही एकदा घसरली, तेव्हा तिनं मलाच धरलं आणि आम्ही दोघंही चौकात येऊन बसलो, दोराच्या बरोब्बर बाहेर, नियम न मोडता. त्या दिवशी मी खरंच खचलो. आईचा पलंगही गेला, कठडाही गेला, आणि आता ताईला काय तोंड दाखवू, असं झालं. चार दिवस मी दुकानात गिऱ्हाइकाला उलटा तक्ता वाचायला लावत होतो.

पण आंधळा मागतो एक डोळा म्हणतात तसं झालं. तज्ज्ञ पुन्हा आले ते चिंतेतच. लाकूड कोरडं पडतंय म्हणाले, सुकतंय. (काजळी उडत होती.) जुन्या लाकडाला तेल नको, पॉलिश नको, त्याला रोज माणसाचा हात हवा, हलका, कोरडा, वयस्कर हात, तोही शिसवाची सवय असलेला, रोज खालून वर आणि वरून खाली. लगेच सभा भरली. अध्यक्षबाईंनी आपला हात पुढे केला, पण त्यांच्या अंगठ्या मोजून तज्ज्ञ मागे सरकले. दंतवैद्याचा हात पाहून तर लाकडानंच अंग चोरलं असतं. तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझ्या आईचा हात चालेल का? त्यांनी विचारलं, शिसवाची सवय आहे का त्यांना? मी म्हणालो, 'जन्म गेलाय तिचा शिसवावर.' यात एक अक्षर खोटं नाही!

ठराव एकमतानं पास झाला. आई आता आमच्या इमारतीची मानद कठडा-रक्षक आहे. तिच्यासाठी दोर सोडायचा, तिनं दररोज कठडा धरून निदान एकदा चढायचं आणि उतरायचं, आणि मध्ये दम लागला तर टेकायला वळणावर खुर्ची, तीही सोसायटीच्या खर्चानं. कठडा मी स्वतः रोज सगळा भार टाकून तपासतो (दुकानातून येतो तेव्हा वर कुणी नाही बघून). हलत नाही. तुझी अट पुरी झाली, ताई. पाठव तिला.

भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
बारक्या (केस पांढरे झाले तरी)

ता. क. घाई कर. दंतवैद्य गप्प बसलेला नाही. त्यानं रक्षकपदासाठी आपल्या सासूबाईंचं नाव दिलंय. त्यांचा हात लोण्यासारखा मऊ आहे म्हणे. आई महिनाअखेरपर्यंत आली नाही तर दोर त्या बाईंसाठी सुटेल, आणि मग माझ्या दातांच्या खुणांवरून रोज दंतवैद्याच्या सासूचा हात फिरेल.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. पलंग कापल्याचं आईला ठाऊक नाही, आणि वळणावर आली की ती तो ओळखणार. तिला आधीच तू सांग ना. तुझ्यावर ती रागवत नाही. मला धीर होत नाही.

ता. क. ३. ताई, हे पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून माझ्या हातचं थोडं. आईंना पलंगाचं मी केव्हाच सांगितलंय. करवत चालू होती तेव्हाच त्यांचा फोन आला, 'हा आवाज कसला गं?' म्हणाल्या, काय लपवणार? पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, 'कापा, कापा. मी काय तिथं झोपून राहायला येतेय?' बॅग त्यांनी त्याच दिवशी भरली. तुमच्या मागच्या खोलीत कपाटाआड आहे बघा. पण तुम्ही त्यांचं इतकं केलंत, रात्र रात्र उशाशी बसलात, आता 'मला लेकाकडे जायचंय' हे तुमच्या तोंडावर म्हणायला त्यांना धीर होत नाही. 'तूच सांग गं तिला,' असं मला म्हणाल्या. तर ताई, मीही हे फोनवर बोलणार होते, पण तुमचा आवाज ऐकला आणि तब्येत विचारून फोन ठेवून दिला.