कोवळ्या उन्हाचा डाग

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार

प्रिय सम्मेद,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन केला असता तर तू उचलला असतास की नाही, माहीत नाही. आणि उचलला असतास तर माझीच जीभ उचलली नसती. म्हणून आज दुकान बंद ठेवून कापड कापायच्या टेबलावरच लिहायला बसलोय. अक्षर गावच्या शाळेतलं आहे, सांभाळून घे.

पुण्यात तुला चांगली नोकरी लागली हे तुझ्या आईकडून कळलं. मंडईत भेटल्या होत्या. बोलल्या नीट, पण पूर्वी निघताना 'पिराजीभाऊ, चहाला या की' म्हणायच्या, तेवढं म्हणाल्या नाहीत. मीही मान खाली घालून भाजी निवडत राहिलो.

तू आणि माझ्या क्रांतीनं शिलाई दुकानामागची खोली ते व्हीआरचे खेळ लावायला मागितलीत, तेव्हा मी हसलो होतो. डोळ्यांवर डबडं बांधून मोकळ्या हवेत हात मारायचे, हा कसला खेळ? तू मला मधोमध उभं करून तो हेडसेट डोळ्यांवर चढवलास. माझा चष्मा आत मावेना आणि काढला तर सगळं धूसर. तू खटपट करून जागा केलीस. मग एकदम कड्याचं टोक आलं, खाली दरी, दरीत पक्षी फिरत होते, आणि ते माझ्या खाली होते! मी चपला काढल्या. तू विचारलंस, 'काका, चपला का काढताय?' मी म्हणालो, 'एवढ्या उंचावर देवाच्या जवळ आलोय, पायात चपला कशा ठेवू?' तेवढ्यात तोल गेल्यासारखं झालं, भिंत धरायला हात टाकला तो थेट तुझ्या जबड्यावर. तू जबडा चोळत म्हणालास, 'काका, शिलाई सोडा, तालमीत जावा की!' उतरवल्यावर गरगरत होतं, क्रांतीनं लिंबू चोखायला दिलं. पण त्या दिवशी मला कळलं, की ज्याला कधी कुठं जाता आलं नाही अशा माणसाला ही वस्तू काय देऊ शकते.

तुमच्या अडचणी मी बघतच होतो. खोली लहान. गल्लीतल्या गुंडू पैलवानानं खेळातल्या राक्षसाला मारलेला ठोसा आपल्या कपाटाला बसला, त्याचं दार अजून तिरकं लागतं. फुटबॉलचा सराव संपवून आलेली पोरं तशीच निथळत हेडसेट घालायची आणि पुढचा गडी नाक धरायचा. मी हेडसेटला सुती खोळी शिवून दिल्या, रोज धुता येतील अशा. तू पहिली खोळ हातात घेऊन म्हणालास, 'काका, हे कंपनीलाबी सुचलं न्हाई.' त्या एका वाक्यावर मी आठवडाभर खूश होतो.

बघ, खोळींवरच घुटमळतोय. खरी गोष्ट लिहायला हात पुढे जात नाही.

त्या सोमवारी क्रांती आदल्या दिवसापासून मावशीकडे आजऱ्याला होती, सकाळी दहाला परत येणार होती. आदल्या संध्याकाळी तिन्ही हेडसेट नीट पुसून कपाटात ठेवायचं काम तुझ्याकडे होतं. तू ते केलं होतंस. मी सकाळी कपाट उघडलं तर घामाचा वास आला. सम्मेद, मी ज्या गावात वाढलो तिथं गोधडी, लोणच्याची बरणी, बाळंतिणीची उशी, आजारी माणूस, सगळं उन्हात ठेवून बरं होतं. मी तिन्ही हेडसेट गॅलरीच्या कठड्यावर ओळीनं मांडले, आतली बाजू पूर्वेकडे करून. सूर्यनारायणाला अर्घ्य दिलं, हात जोडले आणि देवीच्या दर्शनाला गेलो. परत आलो, पुन्हा कपाटात ठेवले. वास गेला होता. आपण काही चांगलं केलं, असं वाटत होतं.

दहा वाजता तू दार उघडलंस आणि पहिलाच पोरगा म्हणाला, 'दादा, आभाळाला भोक पडलंय.' तिन्हींत तसाच डाग, नखाएवढा, वाकडा, जळका. मला त्याच क्षणी कळलं. सहावीत असताना गुरुजींनी आम्हाला अंगणात नेऊन भिंगानं कागद पेटवून दाखवला होता. हेडसेटच्या आत पडद्यापुढं दोन भिंगं आहेत, हे मी रोज बघत होतो.

क्रांती आली. तू मागं एकदा एक हेडसेट खिडकीत विसरला होतास म्हणे. ते तिच्या डोक्यात होतं. ती तुझ्यावर तुटून पडली. तू एवढंच म्हणत राहिलास, 'मी उन्हात ठेवलं न्हाई.' त्यावर ती ओरडली, 'मग काय आमच्या बाबांनी ठेवलं?'

मी दारात उभा होतो. हातात देवीचा प्रसाद होता. तू माझ्याकडे बघितलंस. मी तुला प्रसाद दिला.

भीतीनं गप्प बसलो, असं मी चार महिने देवाला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. तू तिच्या डोक्यावरचा पट्टा सैल करताना तिचे केस अडकू नयेत म्हणून किती हळू हात चालवायचास, ते मी शिलाई मशीनवरून बघितलं होतं. गल्लीतही कुजबुज होती. गुंडू तर तोंडावर म्हणाला होता, 'पिराजी, जावय जैनाचा आणतोस व्हय? मग पाहुण्यांना मटण कोण वाढणार?' सगळे हसले, मीही हसलो. त्या सोमवारी तू खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून निघालास तेव्हा मला हलकं वाटलं, सम्मेद. हेच लिहायचं होतं. डाग पडला ती चूक; हलकं वाटलं ते पाप.

आज सकाळी आजऱ्याहून क्रांतीला बघायला पाहुणे येणार होते. तिला विचारलं, 'मुलाचा फोटो बघितलास काय?' ती म्हणाली, 'तुम्ही बघितलासा न्हवं? बास की.' माझ्याशी अर्धा अर्धा तास वाद घालणारी ही पोरगी. मला राहवेना. पाहुण्यांना फोन करून येऊ नका म्हटलं आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, हलकं वाटलं तेसुद्धा. ती रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, 'मला काय सांगताय? त्याला सांगा की.' म्हणून हे पत्र. तू परत ये, असं म्हणायला मला तोंड नाही. आत्ता पत्र मधेच ठेवून तुझा पुण्याचा पत्ता विचारायला मी तुमच्या घरी निघालो होतो. क्रांतीनं कोरं पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं आणि मोबाईलमध्ये न बघता पत्ता लिहून टाकला, पिनकोडसकट.

तुझाच,
ज्याला तू काका म्हणायचास तो,
पिराजी