पाचवरचा पंखा

अण्णा, तुम्ही छताचा पंखा आधी पाचवर लावायचात आणि मग दोनवर आणायचात, त्याचं कारण मला आत्ता कळलं. अजून दिसतं मला: चिकलठाण्याच्या कारखान्यात दिवसभर विजेच्या मोटारी दुरुस्त करून तुम्ही घरी येता, हातपाय धुता आणि रेग्युलेटरपाशी उभे राहता. माय भाकरी थापतेय. ती म्हणते, "सरळ दोनवर लावा की. पीठ उडतंय माझं." तुम्ही शांतपणे म्हणता, "झोपलेल्या माणसाला हळू हाक मारून जाग येती व्हय? आधी मोठ्यानं उठवायचं, मंग हळू बोलायचं." मला तो तुमचा हट्टच वाटायचा.

तुमच्या माघारी माय आता हॉलमध्येच असते. फुप्फुसं थकलीत तिची. ऑक्सिजनचं मशीन पॅसेजमध्ये दाराआड ठेवलंय, तिथून लांब नळी तिच्या नाकापर्यंत येते. ती काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. लेख वेळेवर द्यायचे असतात आणि तिच्याकडेही लक्ष हवं, म्हणून मी माझा जुना कॉम्प्युटर तिच्या उशाशी आणला. दिवाळीनंतर कूलर झाकून ठेवला, त्याचा मोठा आवाज थांबला आणि तिची तक्रार सुरू झाली. "तुझ्या डब्याची घरघर बंद कर बाबा. दुपारचा डोळा लागत नाय." कॉम्प्युटरच्या डब्यातले दोन पंखे सतत पूर्ण वेगानं फिरतात, हे खरंच होतं. मला बरं वाटलं. तिच्या दुखण्यात माझ्या हातानं करता येईल असं काहीतरी निघालं होतं.

पैठण गेटजवळच्या दुकानात पंख्यांचा वेग कमी करायला रेग्युलेटरची आयसी चिप, नॉब आणि थोडं सुटं सामान घेतलं. दुकानदार म्हणाला, "रेडीमेड मिलता ना, कायको सर खपाते?" मी हसलो. वायरी जोडायला तुमचंच सोल्डरिंग आयर्न काढलं, दहावीनंतर तुम्ही दिलेलं. तेव्हा माझा पहिला जोड बघून तुम्ही म्हणाला होतात, "हा जोड नाय, थुंकी हाय. चमकला पायजे." या वेळी चमकेपर्यंत पुन्हा पुन्हा केला. पंख्यांच्या लाल वायरीत सर्किट बसवलं, नॉब हळूवर ठेवून चालू केलं, तर पंखे नुसते थरथरत राहिले. मग तुमची आठवण झाली. नॉब पूर्ण फिरवला, पंखे उठले, आणि हळूहळू कमी करत आणला. आवाज जवळजवळ नाहीसा झाला.

माय खूश होईल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती दाराकडे कान लावून होती.

"मंग ही घरघर कशाची?"

मी नॉबवरचा हात काढला.

"माझ्या मशीनची व्हय?"

"हां."

"म्हंजे मीच तरास देतेय सगळ्यांला."

त्यानंतर एका दुपारी लिहिताना मान वळवली, तर नळी उशीवर पडलेली आणि मशीन बंद. भिंतीला धरून पॅसेजपर्यंत जाऊन आली होती. ओठ निळे पडले होते. मी धावत जाऊन मशीन चालू केलं, नळी लावली, ओरडलोही. तर म्हणते, "तुला लिव्हायचं असतं. घडीभर नसली तर काय होतंय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी समजावलं, बायकोनं विनवलं, डॉक्टर फोनवर रागावले. ती सगळ्यांना हो म्हणते आणि मी स्वयंपाकघरात गेलो की उठते. अण्णा, त्या मशीनचा आवाज कमी करायला नॉब नाही. दुकानात विचारून आलो, उघडूनही बघितलं. हवा ओढायची तर ते घरघरणारच.

शेवटी मी पंखे पुन्हा पूर्ण वेगानं लावले. त्या आवाजात मशीनचा आवाज बुडतो. मायला म्हणालो, "घरघर कॉम्प्युटरचीच होती. जोडलेलं बिघडलं पुन्हा." ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाच्या हातचं असतं तर बिघडलं नसतं." आणि तशीच, नाकात नळी ठेवून, झोपली. तेव्हापासून तिनं नळीला हात लावलेला नाही. रोज जेवताना मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, याला बापाचा हात काय आला नाय.

मी ऐकून घेतो. किती दिवस ऐकायला मिळेल, ठाऊक नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तिला वाचून तर दाखवायचंच नाही. फक्त तुम्ही तरी तिचं खरं मानू नका, अण्णा. काहीच बिघडलेलं नाही. जोड अजून चमकतोय.